वादीत मांडलेली कढई

अनुराधा खांबेटे मोटरसायकल चालवते, हे दुबईच्या अल कुसैसमधल्या मराठी मंडळींना पहिले काही महिने खरंच वाटेना. मग खरं वाटलं, आणि तोंडं सुरू झाली. हळदीकुंकवाला विषय तोच. "पदरात पोर आहे, आणि ही बाई डोंगरात फटफटी उडवते!" असं म्हणणाऱ्यांतल्या निम्म्या जणी पुण्यात लूनावरून कॉलेजला गेलेल्या. पण एसीच्या गाडीत बसायची सवय लागली की माणसाला आपली लूना आठवत नाही, दुसऱ्याची यामाहा मात्र डोळ्यांत खुपते.

अनुराधाने कोणाला उत्तर दिलं नाही. सोळाव्या वर्षी ती वडिलांच्या राजदूतवरून गिरणीतलं दळण आणायची, पिठाचा डबा टाकीवर टेकवून. लग्न होऊन दुबईला आली, एका ट्रेडिंग कंपनीत बिलं बनवायला लागली, शुभ्रा झाली, शुभ्रा शाळेत जायला लागली, आणि एके दिवशी कंपनीतल्या फिलिपिनो मेकॅनिकने आपली जुनी अडीचशे सीसीची यामाहा विकायला काढली. अनुराधाने ती आवारातल्या आवारात एकदा फिरवून पाहिली आणि घरी येऊन सांगितलं, की घेतली.

"पाच हजार दिरहॅम?" हेमचंद्र म्हणाला. "म्हणजे जवळजवळ तीस हजार रुपये, अनु!"

त्याला बोलायचं होतं ते पैशांबद्दल नव्हतंच, हे दोघांनाही माहीत होतं. हेमचंद्र तिचा नवरा, शिपिंग कंपनीत अकाउंटंट, सरळमार्गी, मोजकं बोलणारा. दुचाकीवर तो बसत नसे. त्याचा थोरला भाऊ नगर रोडवर स्कूटरच्या अपघातात गेला होता. त्या संध्याकाळी भाऊ त्याला घ्यायला यायचा होता आणि हेमचंद्र कॉलेजच्या फाटकाशी वाट बघत उभा होता. अनुराधाला माहिती होती ती एवढीच. पुढचं त्याने कधी सांगितलं नव्हतं आणि तिनेही कधी खोदून विचारलं नव्हतं. जखमेवरची खपली कशाला काढा, असा तिचा हिशेब.

त्याने तिला गाडी घेऊ नकोस म्हटलं नाही. चालवू नकोस असंही म्हटलं नाही. त्याने वेगळंच काहीतरी सुरू केलं. महिन्यातून एका शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, अनुराधा धरून चार मराठी स्वार डोंगरात जायचे, आणि त्याच शुक्रवारी हेमचंद्र आपल्या लाल कोरोलात शुभ्राला बसवून, डिकीत पिकनिकची गॅसशेगडी, कढई, कांदे, बेसन आणि थर्मास घालून, पक्क्या रस्त्याने पुढे जायचा. ठरलेल्या जागी शेगडी मांडायची, तेल तापवायचं, आणि मोटरसायकली येऊन थडकल्या की गरमागरम भजी. पहिल्या वेळी सगळे खूश झाले. दुसऱ्या वेळेपासून त्यांनी ते गृहीतच धरलं. तिसऱ्या वेळी त्याचं नाव भजीमास्तर पडलं, आणि सहा वर्षं झाली तरी ते काही पुसलं गेलं नाही.

चार स्वारांमधले म्होरके वसंतराव घैसास. कॉन्ट्रॅक्टिंगचा धंदा, साठीकडे झुकलेलं वय, मिश्या अजून काळ्याभोर, म्हणजे केलेल्या. तरुणपणी सह्याद्रीतला एक किल्ला सोडला नव्हता, असं ते सांगत, आणि न विचारताही सांगत. त्यांचा नियम एकच होता. ओळ मोडायची नाही. पुढे वसंतराव, मागे मसाल्याचा व्यापार करणारा दत्तप्रसाद, मग अनुराधा आणि शेवटी बँकेतला तरुण सत्यजित. बाईमाणूस मध्ये. अनुराधाला हा नियम कधी आवडला नाही, पण डोंगर हवा असेल तर वसंतरावही घ्यावे लागत.

सत्त्याण्णवच्या मार्चमधला तो शुक्रवार. आभाळाचं सकाळपासून काही खरं नव्हतं. धैदपर्यंत इतकं धुकं की पुढच्याचा लाल दिवासुद्धा दिसेना. धुकं विरलं तर भुरभुर पाऊस. तो थांबला तर असा वारा सुटला की रस्त्यावरून वाळूचे पट्टे सरपटत जायला लागले. वसंतराव मात्र भलतेच खुलले होते. वर्षभर उन्हात भाजून निघालेल्या माणसांना पावसाचं काय अप्रूप असतं, ते आखातात राहिल्याशिवाय कळायचं नाही. आपल्याकडे पाऊस आला की लोक आडोशाला पळतात. तिथे बाल्कनीतून खाली उतरतात.

"याला म्हणतात हवा!" मसाफीच्या पेट्रोल पंपावर ते हेल्मेट काढत म्हणाले. "आज भजी पायजेच. काय भजीमास्तर, कांदे किती आणलेत?"

दत्तप्रसाद हसला. "वसंतराव, त्यांना बायकोला सोडवत नाही हो. आपण आपले निमित्ताला. वहिनींवर पहारा आहे पहारा!"

आता ही थट्टा काही नवी नव्हती. पण त्या दिवशी अनुराधाच्या ती वर्मी लागली. आठवडाभर ऑफिस, मग स्वयंपाक, मग शुभ्राचा अभ्यास. महिन्याकाठी एक दिवस तिला असा मिळायचा, की ज्यात ती कोणाची कोणी नसायची. आणि त्या दिवसाच्या टोकाला घर कढई मांडून बसलेलं असायचं. तेवढ्यात हेमचंद्र तिच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "अनु, वारा फार आहे. आज कच्च्या वाटेने खिंडीतून येऊ नका. पक्क्या रस्त्याने चला ना, मी वसंतरावांशी बोलू का?"

"तू कोणाशी काही बोलायचं नाही," ती म्हणाली. पाठोपाठ जे बोलायचं नव्हतं तेही बोलून गेली. "आणि पुढच्या वेळी तू येऊच नकोस, हेम. मला एक दिवस सुखाने एकटीला सोड."

पंपावरचे सगळे एकदम आपापल्या टायरांकडे बघायला लागले. शुभ्रा गाडीच्या खिडकीतून म्हणाली, "आई, डोन्ट फाइट, ना!"

"बरं," हेमचंद्र म्हणाला. फक्त तेवढंच. मग गाडीत बसला आणि दिब्ब्याच्या रस्त्याला लागला. खिंडीच्या पलीकडे एक रुंद वादी होती, म्हणजे डोंगरातली कोरडी नदी. नुसते पांढरे गोटे आणि वाळू. तिच्या काठावर बाभळीची पाचसहा झाडं होती, तिथे भेटायचं ठरलं होतं. गाडी खालच्या अंगाने वादीत शिरणार आणि मोटरसायकली वरून, खिंड ओलांडून उतरणार.

खिंडीची चढण नेहमीचीच, पण त्या दिवशी तिने चौघांचा घाम काढला. अर्ध्या वाटेत गारा आल्या. हेल्मेटवर असा ताशा वाजायला लागला की इंजिनाचा आवाजही ऐकू येईना. दत्तप्रसादची गाडी एका वळणावर सरकली आणि कड्याच्या दिशेने आडवी झाली. त्याला उठवून, गाडी सरळ करून, पुन्हा निघेपर्यंत सगळ्यांचीच पाचावर धारण बसली होती. कोणी थट्टा करत नव्हतं. आणि खिंडीच्या माथ्यावर पोचतात तो काय, लख्ख ऊन! खालची वादी पांढरीशुभ्र चमकत होती. वसंतरावांनी गाडी लावली, कॅमेरा काढला आणि सत्यजितला फोटोसाठी इकडे हो, तिकडे हो, सुरू केलं.

अनुराधा फोटोत आली नाही. ती खाली बघत होती. पंपावरून निघाल्यापासून तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. बोलून तर बसले, आता खाली गेल्यावर काय तोंड दाखवायचं, हेच डोक्यात घोळत होतं. तिला आधी बाभळी दिसल्या. तिथे गाडी नव्हती. मग तिची नजर खाली घसरली आणि तिला वादीच्या ऐन पात्रात, काठाच्या कपारीला लागून, लाल ठिपका दिसला.

हा खाली उतरला! तिला कारणही लगेच कळलं. वर वारा होता. वाऱ्यात शेगडी टिकत नाही, तेल तापत नाही, आणि भजी तेलकट होतात. ते हेमचंद्रला खपत नसे. म्हणून आडोसा शोधत तो पात्रात गेला होता. त्याच्या लेखी ती कोरडी जागा होती. कोरडी होतीच की.

मग तिने वर पाहिलं, वादी जिथून येते तिकडे. वादीला वरच्या अंगाला दोन फाटे होते. डावा पांढरा. उजव्या फाट्याच्या मागचे डोंगर मात्र दिसतच नव्हते. तिथे आभाळ जमिनीपर्यंत काळं उतरलं होतं. आणि त्या उजव्या फाट्यात, पांढऱ्यावर, एक तपकिरी रेघ होती. ती हलते आहे की नाही, हे कळायला तिला थोडा वेळ बघत राहावं लागलं. रेघ एका मोठ्या खडकाच्या अलीकडे होती. मग त्याच्या पलीकडे गेली.

"वसंतराव, पाणी येतंय," ती म्हणाली. "हेम खाली पात्रात आहे. शुभ्रा आहे."

वसंतरावांनी डोळ्यांवर हात धरून पाहिलं. "छे हो वहिनी, ती ढगाची सावली. इथे थेंब तरी आहे का? ओढा फुगायचा तर आधी डोक्यावर पाऊस लागतो. आम्ही काय कमी ओढे पाहिलेत?"

त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. ते सह्याद्रीपुरतं खरं होतं. तिथे पाऊस आधी तुम्हाला भिजवतो, मग ओढ्याला पाणी चढतं, आणि पाणी गढूळ झालं की शहाणा माणूस काठावर येतो. इथले डोंगर उघडेबोडके. मातीचा कण नाही की गवताची काडी नाही. पडलं की सगळं पाणी तसंच्या तसं खाली. खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यावर ऊन असतं.

"गेल्या वर्षी पेपरात आलं होतं," ती म्हणाली. "अख्खी लँडक्रूझर वाहून गेली. उन्हात. असंच."

"बरं, आपण उतरू ना सगळेच. पण सावकाश. वाट ओली आहे, आत्ताच दत्तप्रसाद पडलाय. ओळ मोडायची नाही, वहिनी. मी पुढे—"

पण अनुराधा पुढे निघूनही गेली होती.

त्या उताराचं वर्णन नंतर तिला कधीच नीट करता आलं नाही. पहिलं वळण तिला आठवे, कारण तिथे मागचं चाक दरीच्या कडेला गेलं आणि सुटलेले दगड बऱ्याच वेळाने खाली आपटल्याचा आवाज आला. त्यानंतर सगळी वळणं एकच झाली. ब्रेक लावला की गाडी सरके, नाही लावला तर आवरेना. तिने गिअर खाली टाकला आणि इंजिनाच्या जोरावर गाडी धरून ठेवली. वडिलांनी राजदूतवर शिकवलेलं, पर्वतीच्या उतारावर. हॉर्नवर अंगठा दाबून धरला होता, पण वारा उलटा होता. तिचा आवाज तिच्याकडेच येत होता. मध्येच वाट मोकळी होई आणि खाली लाल ठिपका दिसे, दर वेळी थोडा मोठा. एकदा तिला त्याच्या बाजूला माणूस दिसला. वाकलेला. तो कढईत भजी सोडत होता.

शुभ्रा दिसली नाही.

घार हिंडे आकाशी आणि चित्त तिचे पिलांपाशी, असं म्हणतात. पण घारीला निदान वरून पिल्लू दिसतं. अनुराधाला कपार दिसत होती, गाडी दिसत होती, नवरा दिसत होता, आणि जे दिसायला हवं होतं तेवढंच दिसत नव्हतं. देवा, ती गाडीत झोपली असू दे, असं ती हेल्मेटच्या आत मोठ्याने म्हणत होती. देवाचं नाव तिने बऱ्याच वर्षांत घेतलं नव्हतं. तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला.

काठावरून पात्रात उतरायला गाड्यांच्या चाकांनी पडलेला एक उतार होता. ती त्यावरून खाली आली आणि गोट्यांवर मागचं चाक लटपटत असतानाच ओरडली, "हेम, वर चढ! पाणी येतंय! शुभ्रा कुठाय?"

हेमचंद्रने झारा हातात धरूनच वर पाहिलं. तिला इतक्या लवकर, इतकी एकटी आलेली पाहून त्याचा चेहरा आधी उजळला. मग त्याने ती काय म्हणते ते ऐकलं.

"इथेच होती," तो म्हणाला. "आत्ता इथेच... दगड गोळा करत होती. हिरवे."

"कुठल्या बाजूला?"

त्याने झारा वर केला, वादीच्या वरच्या दिशेला. उजव्या फाट्याकडे.

अनुराधाने गाडी वळवली. मागे तो काहीतरी ओरडत पळत येत होता. पळण्याआधी त्याने वाकून शेगडी बंद केलेली तिने आरशात पाहिली. अकाउंटंट माणूस, आकाश कोसळलं तरी हिशेब अर्धवट सोडणार नाही. एरवी तिला हसू आलं असतं.

नदीच्या पात्रातल्या गोट्यांवरून मोटरसायकल चालत नाही, ती नुसती तडफडते. अनुराधा दोन्ही पाय खाली सोडून, जवळजवळ ढकलतच पुढे जात होती. "शुभ्रा! शुभ्राऽ!" डोंगर नाव परत पाठवत होते. पहिलं वळण. कोणी नाही. एक छोटी चप्पल, उन्हात वाळत घातल्यासारखी दगडावर ठेवलेली. पुढे दुसरं वळण, आणि तिथे एका प्रचंड धोंड्याच्या सावलीत फ्रॉकच्या ओच्यात दगड भरून उकिडवी बसलेली तिची लेक.

"आई, लुक! धिस वन इज ग्रीन! अँड इट्स वेट अंडरनीथ!"

दगड खालून ओला होता. अनुराधाने गाडी थांबवली, आणि इंजिनाच्या आवाजाच्या खाली दुसरा आवाज तिला ऐकू आला. दूर कुठे खडीचे ट्रक एकामागून एक रिकामे होताहेत, असा. वाऱ्याबरोबर चिखलाचा वास आला.

"बस मागे. दगड टाक. बस!"

"बट आई, माय स्टोन्स—"

अनुराधाने तिला दंडाला धरून उचललं आणि टाकीवर, आपल्यापुढे बसवलं. दगड खडखडत सांडले. शुभ्रा रडायला लागली. आईने इतक्या जोरात तिला कधी धरलं नव्हतं. गाडी वळवताना अनुराधाला ते दिसलं. मोठी लाट वगैरे नव्हती. घोट्याइतकं पाणी, फेसाळलेलं, मळकट, काटक्या, बकऱ्यांच्या लेंड्या आणि एक फुटकं घमेलं पुढे ढकलत, सरपटत येत होतं. माणूस चालेल तेवढ्या वेगाने. त्याच्या मागे गुडघ्याएवढं होतं, आणि त्याच्या मागचं तिने पाहिलं नाही.

पहिल्या वळणावर हेमचंद्र भेटला, धापा टाकत, अनवाणी. त्याची चप्पल कधीच गेली होती.

"बस!" ती ओरडली.

तो थांबला. एक क्षणभर, फार तर दोन. त्याने मोटरसायकलकडे पाहिलं, टाकीवरच्या मुलीकडे पाहिलं. मग तो मागे बसला आणि त्याने अनुराधाच्या कमरेला अशी मिठी मारली की तिला श्वास घेता येईना. वीस वर्षांत तो दुचाकीवर बसला नव्हता, हे त्या वेळी तिच्या लक्षातही आलं नाही.

तिघांच्या ओझ्याने चाकं गोट्यांत रुतत होती, पण घसरत नव्हती, आणि तेच उपयोगी पडलं. बाजूने पाण्याची एक जीभ पुढे गेली. मग चाकांखालून गेली. कोरोलापाशी येईपर्यंत पाणी पायांच्या पिंढऱ्यांना लागत होतं आणि इंजिन खोकायला लागलं होतं. अनुराधाने गाडी उताराला घातली आणि मूठ पिळली. मागचं चाक ओल्या वाळूत नुसतंच फिरलं. "उतर आणि ढकल!" म्हणायला तिने तोंड उघडलं, तर हेमचंद्र आधीच उतरून पाण्यात उभा होता आणि गाडीला खांदा लावत होता. यामाहा एकदा डचमळली, चाकाने पकड घेतली आणि ती काठावर चढली. तिच्या मागे हेमचंद्र हातापायांवर रांगत चढला.

तिघंही बाभळीच्या बुंध्याशी बसून राहिली. खाली कढई पहिली गेली, मग शेगडी. कोरोला बराच वेळ दम धरून होती. मग तिचं तोंड हळूच वळलं, ती कुशीवर झाली, आणि पाणी शिरून दिवे लागलेले, तशीच वळणाआड गेली. वर ऊन होतं.

थोड्या वेळाने बाकीचे तिघे उतरले. वसंतराव हेल्मेट काढायच्या आधीच कडाडले, "वहिनी, काय हे! ओळ मोडून अशा उतारावर... जिवाचं काही बरंवाईट झालं असतं म्हणजे?" मग ते काठापर्यंत गेले. जिथे गाडी उभी होती तिथून आता पुरुषभर पाणी धडधडत चाललं होतं. परत आले तेव्हा त्यांनी आपलं जाकीट काढून शुभ्राच्या अंगावर घातलं. "वहिनी, मी चुकलो," एवढंच म्हणाले, आणि त्या दिवशी सह्याद्रीचं नाव पुन्हा त्यांच्या तोंडून निघालं नाही.

दत्तप्रसाद आणि सत्यजित गाडी कुठे अडकली का बघायला काठाकाठाने गेले. शुभ्रा जाकिटात गुरफटून झोपली. अनुराधाने जाकिटाची कड तिच्या पायांवर ओढली.

"हेम," ती म्हणाली, "खिंडीतून इथे येईपर्यंत मला... मला ती दिसत नव्हती रे. तू दिसत होतास, ती दिसत नव्हती. मला वाटलं, संपलं सगळं. कोणी असं कसं जगतं माहीत नाही."

हेमचंद्र पाण्याकडे बघत होता. तो उगाच मोठेपणा घेणाऱ्यातला नव्हता, म्हणून त्याने ते अगदी साधेपणाने सांगितलं.

"भजी करत असलो की कमी होतं," तो म्हणाला. "हात कामात असतात. कांदा चिरायचा, पीठ कालवायचं, तेल बघायचं. तोवर तुमचा आवाज येतो."

अनुराधाला आधी ते समजलंच नाही. समजलं तेव्हा तिला त्याच्याकडे बघवेना. सहा वर्षं तो पुढे येऊन बसत होता तो पहाऱ्याला नव्हे. घरी बसून फोनची वाट बघणं त्याला झेपण्यासारखं नव्हतं. कॉलेजच्या फाटकाशी तो एकदा तसा उभा राहिला होता. तिने आज पाव तास जे भोगलं, ते हा माणूस महिन्याच्या महिन्याला भोगत होता, हसून घेत होता, आणि वर सगळ्यांना गरम वाढत होता. आणि ती सकाळी त्याला चारचौघांत म्हणाली होती, येऊ नकोस.

"मग मला कधी नको का नाही म्हणालास?" तिचा आवाज फुटला.

"तू गाडीवरून उतरतेस ना, तेव्हाचा तुझा चेहरा बघ कधीतरी," हेमचंद्र म्हणाला. "नको कसं म्हणणार?"

ती रडली. झाडाला टेकून, हातमोज्यात तोंड खुपसून, भरपूर रडली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

पात्रातून जाणारा खालचा रस्ता बुडाला होता; परतीची वाट एकच उरली होती, आले तशी खिंडीतून. दुपार कलताना काठावरच्या वस्तीतून तय्यब नावाचा एक पठाण पिकअप घेऊन आला. मागच्या हौद्यात मालकाच्या बकऱ्या होत्या, त्या मसाफीला पोचवायच्या होत्या. गाडी वाहून गेल्याचं कळल्यावर तो हळहळला. "गाडी का क्या है भाईजान, गाडी और आ जाएगी. बच्ची को आगे बिठाओ, हीटर लगाता हूँ."

शुभ्राला पुढे बसवलं. तय्यबच्या शेजारी आणखी एका माणसाची ऐसपैस जागा होती, कोरडी, उबदार. पुन्हा भुरभुर सुरू झाली होती. "आप भी आगे आओ," तय्यब म्हणाला.

"नहीं, मैं पीछे ठीक हूँ," हेमचंद्र म्हणाला. "भाई, जरा धीरे चलाना. पीछे मेरी मिसेस आ रही है."

तो बकऱ्यांमध्ये चढला आणि मागच्या फळीला धरून, गाडीच्या उलट तोंडाने बसला. दत्तप्रसादने ते पाहिलं. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते त्याने गिळलं.

पिकअप चढणीला लागली. तिच्या मागे अनुराधा. सहा वर्षं ती ज्या ज्या जागी पोचली, तिथे हेमचंद्र कढईवर वाकलेला असायचा. वर बघायचा तो हसूनच. ती यायच्या आधी तो कसा दिसत असेल, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. आता वळण आलं, पिकअप वळणाआड गेली, आणि ती वळण घेऊन बाहेर आली तर तो चेहरा तिच्यासमोर होता. पावसाने भिजलेला, एका बकरीच्या पाठीवर हात टेकून पुढे झुकलेला, डोळे वळणाच्या टोकाला खिळलेले. ती दिसली आणि त्या चेहऱ्यातला ताण सैल झाला. पुढचं वळण आलं आणि तो पुन्हा तसाच झाला. प्रत्येक वळणावर तेच. खिंडीपर्यंत कितीतरी वळणं होती.

अजून उजेड होता. तरी अनुराधाने हेडलाइट लावला, गाडीचा वेग वाढवला आणि पिकअपच्या इतकी जवळ गेली की वळणावरसुद्धा ती त्याला दिसत राहील.